व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरची दोषपरीक्षा : ध्वनिवाचक शब्द आणि बेस गिटार

१. विषयप्रवेश

बिघडलेले यंत्र दुरुस्तीस नेले म्हणजे कारागीर पहिला प्रश्न विचारतो तो असा, “काय होतंय?” या प्रश्नाला ग्राहक जे उत्तर देतो त्यावर पुढील परीक्षेची दिशा पुष्कळशी अवलंबून असते. वर्णन नेमके असेल तर अर्धे काम तेथेच होते. ते ढोबळ असेल तर चांगला भाग काढून टाकला जातो आणि सदोष भाग जागच्या जागी राहतो. बेस गिटार वाजविणाऱ्यांच्या व्हॉल्व्ह-अँप्लिफायरच्या संदर्भात या गोष्टीचा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाशास्त्राच्या अध्यापनाचा. यंत्रविद्येत त्याचा अधिकार हौशी माणसाइतकाच. तथापि गेल्या पावसाळ्यात बावधन येथे घडलेल्या एका प्रसंगामुळे हे दोन विषय एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत, असे त्याच्या ध्यानात आले.

बावधन हे मुळशी तालुक्यातील गाव. त्यांपैकी बावधन बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तेथे आमच्या शेजारी राहणारे एक तरुण बेसवादक आपला जुना व्हॉल्व्ह-अँप्लिफायर घेऊन चिंतेत होते. पावसाळा सुरू झाल्यापासून तो सतत घुमत होता. एका दुकानात ‘व्हॉल्व्ह गेले’ असे निदान झाले. चारही पॉवर व्हॉल्व्ह बदलले गेले. काही कंडेन्सरही बदलले गेले. पैसे बरेच गेले, घुमणे मात्र तसेच राहिले. आणि शिवाय खालच्या तारांचा आवाज पूर्वीपेक्षा पोकळ झाला. पुढे एका निवृत्त रेडिओ-कारागिरांच्या देखरेखीखाली या यंत्राची पुन्हा परीक्षा झाली. तिची हकीगत ओघाने येईल.

परिभाषेविषयी एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले व शास्त्रीय परिभाषेचे मोठे काम तेथे झाले. प्रवर्धक, धारित्र, रोहित्र हे शब्द आज मराठीत उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘रोहित्र’ वीजमंडळाच्या व्यवहारातून वृत्तपत्रांपर्यंत पोहोचला आहे. परंतु दुरुस्तीच्या टेबलावर अँप्लिफायर, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर असेच म्हटले जाते. येथे टेबलावरचेच शब्द वापरले आहेत.

२. यंत्राची रचना

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. तिच्यातील तापलेल्या कॅथोडपासून इलेक्ट्रॉन निघतात व ॲनोडकडे जातात. मध्ये असलेल्या ग्रिड नावाच्या जाळीवरील अल्पशा दाबाने हा प्रवाह कमी-अधिक होतो. लहान बदलाने मोठा बदल घडविणे, हेच प्रवर्धन. फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अग्रांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला आणि ली द फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास त्यात तिसरे अग्र घातले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना १९५४ ची. तेथे १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. रेडिओत व उत्सवांच्या मांडवांतील ध्वनिक्षेपकांत व्हॉल्व्हची जागा पुढे ट्रान्झिस्टरने घेतली. गिटारवादकांनी मात्र तो सोडला नाही. फेंडर कंपनीची प्रिसिजन बेस ही गिटार १९५१ ची व तिच्यासाठी केलेला बेसमन अँप्लिफायर १९५२ चा. १९६९ साली अँपेग कंपनीने ३०० वॅटचा एस्‌व्हीटी हा अँप्लिफायर काढला. आज नवे व्हॉल्व्ह प्रामुख्याने स्लोव्हाकिया, रशिया व चीन या देशांत तयार होतात. ते परदेशातून येत असल्याने महाग पडतात, आणि म्हणून चुकीच्या निदानाची किंमतही मोठी असते.

यंत्राचे भाग अनुक्रमाने असे: विजेचा दाब वाढविणारा ट्रान्सफॉर्मर, उलटसुलट प्रवाह एकदिश करणारा रेक्टिफायर, त्या प्रवाहातील चढउतार सपाट करणारे फिल्टर कंडेन्सर, गिटारचा क्षीण संकेत वाढविणारे प्रारंभीचे लहान व्हॉल्व्ह, त्या संकेताच्या परस्परविरुद्ध अशा दोन प्रती करणारा व्हॉल्व्ह, शक्ती देणारे पॉवर व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि शेवटी स्पीकर. एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे संकेत जातो तो कपलिंग कंडेन्सरमधून. हा कंडेन्सर एकदिश दाब अडवितो व संकेताला वाट देतो. ही साखळी ध्यानात ठेवावी. दोष शोधणे म्हणजे तो या साखळीच्या कोणत्या कडीत आहे हे ठरविणे होय.

व्हॉल्व्हची नावे भाषाभ्यासकाला विशेष रंजक वाटतील. युरोपीय पद्धतीत नावाचे प्रत्येक अक्षर अर्थपूर्ण असते. ‘ईसीसी ८३’ यातील ई म्हणजे ६.३ व्होल्टचा तापक, पहिला सी म्हणजे एक ट्रायोड, दुसरा सी म्हणजे दुसरा ट्रायोड, आणि आठ हा अंक नऊ पायांची बैठक दाखवितो. ‘ईएल ३४’ मध्ये एल म्हणजे शक्ती देणारा पेंटोड व तीन म्हणजे आठ पायांची जाड बैठक. प्रत्ययामागून प्रत्यय लावून शब्द बांधणाऱ्या भाषांसारखीच ही रचना आहे. ही जाण दुकानात उपयोगी पडते. ‘ईसीएल ८२’ आणि ‘पीसीएल ८२’ यांत केवळ आद्याक्षराचा भेद आहे; परंतु पहिल्याच्या तापकाला ६.३ व्होल्ट लागतात, दुसऱ्याच्या १६. दुसरा पहिल्याच्या जागी लावला तर तो नीट तापणारच नाही, आणि चांगला असूनही ‘गेलेला’ ठरेल.

३. प्राणरक्षण

पुढे जाण्यापूर्वी एक इशारा देणे अगत्याचे आहे. या यंत्रात ३०० ते ५०० व्होल्ट इतका एकदिश दाब असतो. मोठ्या बेस-अँप्लिफायरमध्ये तो ७०० च्या घरात जातो. प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये हा दाब बराच वेळ साठून राहू शकतो आणि माणसाचा प्राण घेण्यास तो पुरेसा आहे. म्हणून पेटी उघडल्यावर प्रथम ४७ हजार ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर आवरणयुक्त तारांनी कंडेन्सर व अर्थ यांच्यामध्ये जोडावा. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुमारे अर्ध्या मिनिटात रिकामा होतो. तो रिकामा झाला असे गृहीत न धरता मीटरने मोजून खात्री करावी. चालू यंत्रात मोजमाप करावे लागलेच तर एक हात खिशात ठेवावा, म्हणजे प्रवाहाला छातीतून वाट मिळत नाही. ज्यांना या कामाचा सराव नाही त्यांनी पेटी उघडूच नये; पुढील परीक्षेचा बराचसा भाग पेटी न उघडताही करता येतो.

आणखी तीन नियम कटाक्षाने पाळावेत. स्पीकर जोडल्यावाचून व्हॉल्व्ह-अँप्लिफायर कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते. घुमणे कमी होते म्हणून प्लगची अर्थची पिन कोणी तोडून टाकतात. हे प्राणाशी खेळणे आहे. आणि दुरुस्तीनंतर यंत्र प्रथमच चालू करताना ते सिरीज दिव्यातून चालू करावे. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर पेटत राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे. एलईडी दिव्याने हे काम होत नाही.

४. आवाजाची नावे

आता मुख्य विषयाकडे वळू. अनुकरणवाचक शब्दांच्या बाबतीत मराठी अत्यंत समृद्ध आहे, हे व्याकरणकारांनी पूर्वीच नोंदविले आहे. या शब्दांत एक स्थूल कल दिसतो. अखंड चालणारा ध्वनी दीर्घ स्वर व अनुनासिक यांनी दाखविला जातो : घूं, भों, सूं. तुटक, आघात करणारा ध्वनी द्विरुक्तीने दाखविला जातो : खरखर, तडतड, धपधप, फडफड. हा नियम नव्हे. ‘गुणगुण’ आणि ‘सळसळ’ हे त्याचे अपवाद सहज सुचतील. परंतु विद्युत्‌-दोषांचीही पहिली विभागणी अखंड आणि तुटक अशीच आहे, आणि त्यामुळे हे शब्द काळजीपूर्वक वापरले तर ते परीक्षेचे साधन होऊ शकतात.

घूं असा खर्जातला अखंड आवाज म्हणजे विजेच्या प्रवाहाचा आवाज. त्याचा विचार पुढील कलमात केला आहे. सूं किंवा सळसळ हा उंच, हवेसारखा आवाज पहिल्या लहान व्हॉल्व्हकडून किंवा त्याच्या ॲनोडच्या रेझिस्टरकडून येतो. थोडी सळसळ प्रत्येक यंत्रात असतेच. तडतड ही स्वतःहून, वाजविले नसतानाही होते. जुना कार्बन रेझिस्टर, सुटलेला सोल्डर किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीतील गंजलेला संपर्क ही तिची नेहमीची कारणे. खरखर ही बटन फिरविताना होते. तिचे साधे कारण बटनाखालील पट्टीवरची धूळ होय. परंतु साफ करूनही ती परत येत असेल, तर अलीकडचा कपलिंग कंडेन्सर गळका असून त्यातून एकदिश दाब बटनापर्यंत येत असल्याचा संशय घ्यावा. व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली असता स्पीकरमधून टण् असा आवाज घुमून आला, तर त्या व्हॉल्व्हचे आतील भाग सैल झाले आहेत. सेकंदाला दोन-चार वेळा होणारी धपधप फिल्टर कंडेन्सर वाळल्याची खूण असते.

बेसवादकांच्या तोंडी नेहमी येणाऱ्या ‘आवाज फाटतो’ आणि ‘आवाज फडफडतो’ या दोन वाक्प्रयोगांत भेद करणे विशेष महत्त्वाचे आहे. फाटणे हे बहुधा विद्युत्‌-मार्गातले असते : थकलेला पॉवर व्हॉल्व्ह, चुकलेला बायस, किंवा यंत्राच्या शक्तीबाहेर चढविलेला आवाज. फडफडणे हे स्पीकरच्या कागदाचे किंवा पेटीच्या सैल फळीचे असते. तोच अँप्लिफायर दुसऱ्या स्पीकरवर वाजवून पाहावा. फडफड गेली तर पेटी उघडण्याचे कारणच उरत नाही.

याच्या उलट ‘गेला’ हे क्रियापद पाहावे. व्हॉल्व्ह गेला, सेट गेला, आवाज गेला. या शब्दाने दोष सांगितला जात नाही, चौकशी मात्र संपते. अनुभवी कारागिरांच्या बोलण्यात त्याऐवजी निश्चित क्रियापदे आढळतात : फ्यूज उडाला (एकाएकी), व्हॉल्व्ह बसला (हळूहळू अशक्त झाला), सोल्डर सुटला (संपर्क तुटला), कंडेन्सर फुगला (डोळ्यांना दिसते) किंवा वाळला (दिसत नाही, मोजावे लागते). यांतील प्रत्येक क्रियापद पुढची कृती सुचविते.

५. खुल्या जी तारेची कसोटी

बेसवादकाजवळ एक असे साधन आहे की जे कारागिराजवळही सहसा नसते. ते म्हणजे सुरात लावलेली त्याची गिटार. तिच्या चार खुल्या तारांची कंपने सेकंदाला अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ व ९८ असतात. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० आहे. रेक्टिफायरने दोन्ही अर्धे वळविल्यावर उरणारा चढउतार तिच्या दुप्पट, म्हणजे १०० असतो. ही जी तारेच्या ९८ ला अगदी लागून आहे. आणि ५० ही सर्वांत खालच्या तारेवर तिसऱ्या पट्टीवर वाजणाऱ्या ४९ ला लागून आहे. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० असल्याने तेथील पुस्तकांत ६० व १२० हे आकडे दिलेले असतात. ते येथे लागू पडत नाहीत.

तंबोरा लावताना दोन तारा जवळजवळ जुळल्या म्हणजे आवाजात एक संथ लाट येते, हे गाणाऱ्यांना ठाऊक आहे. तीच लाट येथे उपयोगी पडते. अँप्लिफायर घुमत असताना जी तार खुली छेडावी. लाट सेकंदाला साधारण दोनदा आली तर घुमण्यात १०० चा अंश आहे, म्हणजे संशय फिल्टर कंडेन्सरवर. घुमणे एक सप्तक खालचे वाटले, आणि खालच्या तारेच्या तिसऱ्या पट्टीशी सेकंदाला एक लाट आली, तर ते ५० चे आहे. मग तापकाच्या तारा, तापक व कॅथोड यांमधील गळती, अर्थची जोडणी, किंवा गिटारची केबल पाहावी. सोबत व्हॉल्यूमचे बटन शून्यावर न्यावे. घुमणे थांबले तर दोष बटनाच्या अलीकडे, न थांबले तर पलीकडे. गिटार हातात धरून जागच्या जागी वळल्याने घुमणे कमी-जास्त होत असेल, तर ते अँप्लिफायरचे नसून गिटारच्या पिकअपने आजूबाजूचे ओढून घेतलेले असते.

बावधनच्या यंत्रावर हीच कसोटी प्रथम केली. कारागीर म्हणाले, “मोकळी तार वाजवा, आणि घड्याळाकडे बघा.” लाट दर सेकंदास दोनदा येत होती. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यानेही घुमणे थांबेना. संशय फिल्टर कंडेन्सरवर आला. मोजले असता दोन कंडेन्सर पुरते वाळलेले निघाले. ते बदलताच घुमणे गेले. बदललेल्या चार व्हॉल्व्हांचा याच्याशी काहीही संबंध नव्हता.

६. एकेका भेदाने परीक्षा

खालच्या तारांचा पोकळपणा मात्र राहिला. तो शोधताना जी रीत वापरली ती भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ओळखीची वाटेल. एखाद्या भाषेत दोन ध्वनी स्वतंत्र आहेत की नाहीत हे ठरविताना आपण बाकी सर्व तसेच ठेवून एकच ध्वनी बदलतो आणि अर्थ बदलतो का ते पाहतो : काळ आणि गाळ, पाट आणि बाट. दुरुस्तीतही एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम नोंदवावा. खात्रीचा एक लहान व्हॉल्व्ह जवळ ठेवून तो प्रत्येक लहान व्हॉल्व्हच्या जागी क्रमाने लावून पाहावा. एकाच वेळी चार भाग बदलले तर आवाज सुधारला तरी कशाने सुधारला हे कळत नाही, आणि बिघडला तरी कळत नाही. नको असलेला आवाज कोठून येतो हे शोधण्यासाठी, यंत्र बंद करून व निववून, लहान व्हॉल्व्ह एकेक काढून पाहावा. एखादा काढल्यावर आवाज थांबला तर उगम त्याच्यात किंवा त्याच्या अलीकडे असतो.

व्हॉल्व्ह बदलून पोकळपणा जाईना, तेव्हा मीटर हाती घेतले. ईसीसी ८३ च्या कॅथोडच्या १५०० ओहमच्या रेझिस्टरवर एक-सव्वा व्होल्ट आढळतो. येथेही तो आढळला. ॲनोडवर पुरवठ्याइतकाच पूर्ण दाब असता तर व्हॉल्व्ह प्रवाह ओढत नाही असे ठरले असते, तसेही नव्हते. शेवटी नव्याने बसविलेल्या कंडेन्सरांवरील आकडे भिंगाने वाचले, तेव्हा एकावर २२३ ऐवजी २२२ असे दिसले. या लेखनात शेवटचा अंक शून्यांची संख्या दाखवितो. २२३ म्हणजे २२,००० पिकोफॅरड, अर्थात ०.०२२ मायक्रोफॅरड, २२२ म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. पुढील ग्रिडवरचा रेझिस्टर १० लाख ओहमचा होता. पहिल्या कंडेन्सरशी तो सुमारे ७ कंपनांपासून वरचे सर्व स्वर जाऊ देतो. दुसऱ्याशी ही मर्यादा ७२ वर चढते. परिणामी सर्वांत खालच्या ई तारेचा मूळ स्वर निम्म्यावर येतो, तर जी तारेचा ऐंशी टक्के शिल्लक राहतो. साध्या गिटारचा सर्वांत खालचा स्वर ८२.४ चा असल्याने त्या वादकाला ही उणीव कदाचित जाणवलीही नसती. बेसवादकाचा मात्र खर्जच गेला होता. एका अंकाच्या भेदाने अर्थ बदलावा, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

७. इफेक्ट-पेडल

पायाने चालविण्याच्या इफेक्टच्या पेट्यांना हीच रीत लागू आहे. प्रथम सर्व पेट्या काढून गिटार थेट अँप्लिफायरला जोडावी. दोष गेला तर एकेक पेटी परत जोडीत जावे. बहुतेक वेळी दोष केबलच्या टोकाशी सुटलेल्या सोल्डरमध्ये किंवा पायाखालच्या झिजलेल्या स्विचमध्ये सापडतो. बहुतेक पेट्यांमध्ये केबल आत घातली की बॅटरी चालू होते. म्हणून वाजविणे झाल्यावर केबल काढून ठेवावी, अन्यथा ९ व्होल्टची बॅटरी उतरत राहते. अडॅप्टर वापरल्यास त्याच्या टोकाची धन-ऋण बाजू पेटीवरील खुणेशी ताडून पाहावी. अनेक पेट्या एका अडॅप्टरवर चालविताना बारीक शिट्टी आली, तर एक पेटी बॅटरीवर चालवून पाहावी. शिट्टी थांबल्यास दोष पेटीचा नसून सामाईक पुरवठ्याचा आहे. साध्या गिटारसाठी केलेली फझची पेटी बेसला जोडली की आवाज पातळ होतो, अशी तक्रार असते. तो दोषच नव्हे. त्या पेटीतील कपलिंग कंडेन्सर उंच स्वरांच्या हिशेबाने लहान ठेवलेले असतात, हे मागील कलमावरून ध्यानात येईलच. बेससाठी केलेल्या अनेक पेट्यांत मूळ आवाज मिसळण्याचे वेगळे बटन याचसाठी असते.

८. समारोप

व्हॉल्व्हच्या काळात कानावर विसंबून काम केलेले कारागीर आता थोडे उरले आहेत. त्यांचे ज्ञान बव्हंशी लिहिलेले नाही. ते त्यांच्या शब्दांत आहे. घुमतो आणि घरघरतो, वाळला आणि फुगला, यांत ते जो भेद करतात तो त्यांनी प्रत्यक्ष यंत्रांवर पारखून घेतलेला असतो, आणि म्हणून तो संग्रहणीय आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी बोलीतील शब्द गोळा करताना दुरुस्तीच्या दुकानांकडेही वळावे, अशी या निमित्ताने सूचना करावीशी वाटते.

वादकांसाठी सूचना याहून लहान आहे. यंत्र दुरुस्तीस नेण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात : आवाज अखंड आहे की तुटक, वाजविले नसतानाही होतो का, व्हॉल्यूम शून्यावर नेल्यास थांबतो का, जी तारेशी लाट येते का, व सेकंदाला किती, आणि याआधी कोणता भाग बदलला. बावधनच्या आमच्या शेजाऱ्यांनी आता असा कागद अँप्लिफायरच्या मागील बाजूस चिकटवून ठेवला आहे. त्यावर ‘गेला’ हा शब्द वापरावयाचा नाही, असा त्यांचा नियम आहे.